पार्लरची स्वच्छता : जबाबदारी कुणाची?

लग्नसराई आली किंवा पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांत एक लेख हमखास येतो. ‘पेडिक्युअर करून घेताना ही काळजी घ्या.’ त्यातले सल्ले आता पाठ झाले आहेत. पार्लर स्वच्छ आहे का बघा. हत्यारं निर्जंतुक केली आहेत का विचारा. शक्यतो स्वतःचं किट घेऊन जा. काम करणाऱ्या मुलीने हात धुतले ना, यावर लक्ष ठेवा.

सल्ले चुकीचे नाहीत. पण ते कुणासाठी लिहिलेले आहेत? ते खुर्चीवर बसणाऱ्या बाईसाठी आहेत. तिच्या पायाशी स्टुलावर बसून तिच्या टाचा घासणारी बाई या लेखांत येते ती फक्त धोका म्हणून. तिलाही बोटं आहेत, तिच्या बोटांनाही कातडी आहे, तिलाही जंतुसंसर्ग होतो, हे कुठल्याच पुरवणीला सुचत नाही. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा तासभर त्या खुर्चीवर बसतं. ही बाई मात्र दिवसाला सात-आठ जणींचे पाय मांडीवर घेते, आठवड्याचे सहा दिवस. मग धोका जास्त कुणाला?

स्वतःचं किट नेणारी बाई स्वतःपुरती सुरक्षित होते. तिचं झालं की दुसरीचे पाय पुढे येतात. ज्या उपायाने फक्त पैसेवाल्या गिऱ्हाइकाची सुटका होते आणि काम करणारी आहे तिथेच राहते, तो उपाय आपल्या चळवळीचा असू शकत नाही. पार्लरची स्वच्छता हा कामगार बाईच्या आरोग्याचा आणि हक्काचा प्रश्न आहे, आणि तो तसाच मांडला पाहिजे.

धोका नेमका काय आहे?

आधी भीती आणि वस्तुस्थिती वेगळी करू. नखाच्या मुळाशी कातडीची पातळ कड असते. पार्लरमध्ये तिला क्युटिकल म्हणतात आणि ‘घाण’ म्हणून कापून टाकतात. ती घाण नाही. नख आणि कातडी यांच्यामधली फट बंद ठेवण्याचं काम ती करते. ती कापली की जंतूंना दार उघडतं. नखाची कड सुजते, ठणकते, पू होतो. आपल्या आया-आज्या ज्याला नखुरडं म्हणत आल्या, तेच हे. 

दुसरा धोका बुरशीचा. एकीच्या नखाची बुरशी नखं घासायच्या पट्टीवरून, वज्रीवरून, नीट न धुतलेल्या टबातून दुसरीकडे जाते. नख जाड, पिवळट, ठिसूळ होतं. पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि बुरशीच्या गोळ्या साधारण तीन महिने घ्याव्या लागतात. अलीकडे जेल आणि अॅक्रिलिकच्या नखांची चलती आहे. चिकटवलेलं नख एका बाजूने सुटलं की फटीत पाणी साचतं, तिथे जंतू वाढतात आणि खालचं नख हिरवं दिसू लागतं. त्यावर पुन्हा रंग चढवून ते झाकणं म्हणजे दुखणं वाढवणं.

तिसरा धोका रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही, किमान सात दिवस तग धरतो. रक्त लागलेलं निपर नुसतं पुसून पुढच्या बाईला वापरलं, किंवा तेच निपर कामगार बाईच्या बोटात घुसलं, तर संसर्ग होऊ शकतो. याला लस आहे. सहा महिन्यांत तीन डोस घ्यायचे असतात. सरकारी बालक लसीकरणात ही लस २०११ पर्यंत देशभर आली. म्हणजे आज पार्लरमध्ये काम करणाऱ्या पंचविशी-तिशीच्या पुढच्या बहुतेक बायका त्या लसीकरणाच्या आधी जन्मल्या. हिपॅटायटिस सी ला लस नाही, पण तो गोळ्यांनी बरा होतो. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला आणि त्यात तपासणी व उपचार मोफत आहेत. हे पार्लरमधल्या किती जणींपर्यंत कुणी पोचवलं?

एचआयव्हीची भीती मात्र आवरायला हवी. तो शरीराबाहेर फार टिकत नाही आणि हात हातात घेतल्याने, पाय धुतल्याने तो होत नाही. एचआयव्ही आहे म्हणून कुणा मुलीला पार्लरमधून काढून टाकणं हा भेदभाव आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि नोकरीतल्या अशा भेदभावाला त्यात मनाई आहे. हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणवर्गाच्या भिंतीवर लागलं पाहिजे.

मधुमेहाचाही विचार करायला हवा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना कमी होते. वज्रीने सोललं तरी कळत नाही, जखम भरत नाही, आणि पाय कापण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अशा बाईच्या तळव्याची जखम सर्वांत आधी कुणाला दिसते? डॉक्टरला नाही, घरच्यांनाही नाही. ती दिसते पेडिक्युअर करणाऱ्या मुलीला. ‘काकू, हे डॉक्टरांना दाखवा, मी इथे हत्यार लावणार नाही,’ असं म्हणण्याचं ज्ञान तिला दिलं तर ती एक प्रकारची आरोग्यसेविकाच आहे. आपण मात्र तिला घाणीचं कारण ठरवून मोकळे होतो.

वेळ कुणाचा, पैसा कुणाचा?

‘या मुली आळशी असतात, अडाणी असतात, म्हणून हत्यारं साफ करत नाहीत,’ असं पार्लरच्या मॅडम सांगतात. आपण जरा हिशोब करून पाहू.

हत्यारं खरोखर निर्जंतुक करायची तर आधी साबण आणि ब्रशने घासावी लागतात. कातडीचे कण, रक्त तसंच राहिलं तर कोणतंही औषध आतपर्यंत पोचत नाही. मग ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेवर, १२१ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटं ठेवावी लागतात. आपला स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो. वाफ तयार होणं, थंड होणं, वाळणं धरून एका फेरीला पाऊण ते एक तास जातो. आता एका मुलीकडे हत्यारांचा एकच संच असेल आणि शनिवारी बाहेर बाकावर पाच बायका बसलेल्या असतील, तर तिने काय करावं? तासभर थांबली तर मॅडम ओरडणार, गिऱ्हाईक उठून जाणार, तिचं कमिशन बुडणार. मग ती निपर जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवते, कापसाने पुसते आणि पुढचा पाय हातात घेते.

यात आळस कुठे आहे? कमतरता आहे ती चार-पाच जादा संचांची, एका यंत्राची आणि त्या तासाच्या पगाराची. गिऱ्हाइकाच्या मापाने पैसे मोजले जातात आणि हत्यारं घासण्याचा वेळ ‘काम’ म्हणून धरलाच जात नाही. घरात भांडी घासणं जसं काम नसतं, तसंच हे. बाईने केलेली साफसफाई फुकट असते, हा घरातला नियम बाजारानेही उचलला आहे.

बऱ्याच पार्लरमध्ये कोपऱ्यात निळ्या दिव्याची एक पेटी असते आणि ती ‘स्टरिलायझर’ म्हणून दाखवली जाते. तो उजेड जिथे पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर परिणाम करतो. निपरच्या सांध्यात, कात्रीच्या खाचेत तो जात नाही. साफ केलेली हत्यारं ठेवायला ती पेटी ठीक आहे, पण निर्जंतुक करण्याचं काम तिचं नाही. नखं घासायची कागदी पट्टी, लाकडी काडी, टाच घासायचा सच्छिद्र दगड या वस्तू तर निर्जंतुक होतच नाहीत. त्या एकीला एक अशाच वापरायच्या आणि टाकून द्यायच्या, नाहीतर तिलाच देऊन टाकायच्या.

वस्त्यांमध्ये प्रशिक्षणवर्ग चालवताना भेटलेल्या एका ताईच्या बोटाला असंच नखुरडं झालं होतं. हातमोजे पार्लरमध्ये ठेवलेले होते, पण एक जोडी दिवसभर पुरवायची असा नियम होता. बोट सुजलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘कस्टमरना बरं दिसत नाही, हात बरा झाला की ये.’ आठ दिवस घरी, बिनपगारी. डॉक्टरची फी आणि औषधं तिच्याच पदरची. पुढच्या वेळी बोट दुखायला लागलं तेव्हा तिने काय केलं असेल? तिने बँडेड लावलं, वर नेलपॉलिश फिरवलं आणि कामावर गेली. रजेचा पगार कापला की आजार लपवला जातो, आणि लपवलेला आजार पसरतो. स्वच्छतेचं हे साधं गणित मालकांना का कळू नये?

घरपोच सेवेच्या कंपन्या आल्यावर चित्र बदलेल, असं सांगितलं गेलं. सीलबंद पाकिटातलं सामान, एकदाच वापरायच्या वस्तू, सगळं चकचकीत. पण त्या पाकिटाचे पैसे कोण भरतं? ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये अर्बन कंपनीच्या कार्यालयासमोर सौंदर्यसेवा देणाऱ्या शंभराहून अधिक बायका धरणं धरून बसल्या. भरमसाट कमिशन आणि कंपनीकडूनच सामान विकत घेण्याची सक्ती या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी पुन्हा आंदोलन केलं तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. म्हणजे गिऱ्हाइकाच्या स्वच्छतेची हमी कंपनीच्या नावावर आणि तिचा खर्च बाईच्या नावावर!

अमेरिकेतला धडा

नखांच्या पार्लरमधल्या संसर्गावर अभ्यास आणि लढे दोन्ही जास्त झाले ते अमेरिकेत. २००० साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनच्या शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या पायांना गळवं आली. ती महिनोन् महिने बरी होईनात. शोध घेतल्यावर पाण्यात आणि मातीत राहणारा, क्षयाच्या जंतूच्या कुळातला एक जंतू सापडला. तो होता पाणी घुसळणाऱ्या विजेच्या टबांमध्ये. पाणी आत खेचणाऱ्या जाळीच्या मागे केस आणि कातडीचा थर साचला होता आणि तिथे हे जंतू वाढत होते. वरून टब स्वच्छ दिसत होते. ज्या बायकांनी येण्यापूर्वी पायांचे केस वस्तऱ्याने काढले होते, त्यांना संसर्ग होण्याचं प्रमाण जास्त होतं, कारण कातडीवर न दिसणारे ओरखडे होते. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियाने टब कसे आणि किती वेळा धुवायचे याचे नियम केले, त्याची नोंदवही सक्तीची केली.

आपल्याकडच्या छोट्या पार्लरमधला साधा प्लास्टिकचा टब या बाबतीत त्या महागड्या यंत्रापेक्षा बरा. त्याला जाळी नाही, नळी नाही. तो साबणाने घासता येतो, जंतुनाशक लावून कोरडा करता येतो. महाग म्हणजे स्वच्छ, हा समज त्या प्रकरणाने खोटा ठरवला. 

पण या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियातल्या या धंद्यात बहुसंख्य कामगार बायका व्हिएतनामहून आलेल्या. २००५ मध्ये तिथे ‘कॅलिफोर्निया हेल्दी नेल सलून कोलॅबोरेटिव्ह’ ही आघाडी उभी राहिली. गिऱ्हाइकाच्या पायाबरोबर कामगाराचा श्वास, तिची त्वचा, तिचं बाळंतपण हे प्रश्न तिने पुढे आणले. कामगारांसाठी सुरक्षित सलूनना मान्यता देण्याच्या योजनेचा कायदा २०१६ मध्ये झाला. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नेल सलूनमधली तुटपुंजी मजुरी आणि कामगारांचे आजार यांवर वृत्तमालिका छापली. त्यानंतर राज्य सरकारला हातमोजे, मास्क आणि कामगारांच्या हक्कांचा फलक यांबाबत मालकांवर नियम घालावे लागले. गिऱ्हाइकांच्या गळवांनी पाण्याचे नियम आणले. कामगारांच्या हक्काचे नियम यायला मात्र आणखी दीड दशक आणि बायकांची संघटना लागली.

घाण कुणाची?

पुरुषांच्या केशकर्तनालयात नवं ब्लेड लावण्याचा आग्रह एड्सच्या जनजागृतीतून रुजला. आज खेडेगावातला पुरुषही ‘ब्लेड नवं लाव’ म्हणतो आणि त्यात कुणालाच अपमान वाटत नाही. बायकांच्या पार्लरपर्यंत तशी मोहीम पोचली नाही. पडद्यामागे जे चालतं ते बायकांचं नटणं-मुरडणं, त्यात सार्वजनिक आरोग्य कसलं, असाच सगळ्यांचा समज.

मोहीम नाही, म्हणून उरतो तो संशय. आणि आपल्याकडे संशयाला जात असते. ‘या मुली कुठल्या वस्तीतून येतात कोण जाणे,’ ‘कुणाकुणाचे पाय धरून आल्या असतील,’ हे बोलणं आपण सर्वांनी ऐकलं आहे. दुसऱ्याची नखं कापणं, केस काढणं, पाय धुणं ही कामं या समाजाने पिढ्यान् पिढ्या ठराविक जातींवर लादली आणि मग ती करणाऱ्यांनाच हलकं ठरवलं. आज पार्लरला काचेचा दरवाजा आणि एसी आला, तरी स्टूल खालीच आहे. जंतू हत्यारावर असतो, हात धुतला नाही तर हातावर असतो. तो कुणाच्या आडनावात नसतो. स्वच्छतेच्या नावाखाली सोवळंओवळं परत येणार असेल, तर ते आपण ओळखलं पाहिजे.

आपल्याच चळवळीला एक प्रश्न विचारायला हवा. १९९६ मध्ये बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा स्त्री संघटनांनी बाईच्या देहाच्या बाजाराविरुद्ध निदर्शनं केली. ती भूमिका योग्यच होती. पण सौंदर्याच्या बाजाराला विरोध करताना त्या बाजारात मजुरी करणाऱ्या बायका नजरेआड राहिल्या. विडी कामगार, घरकामगार, कचरावेचक बायकांच्या संघटना उभ्या राहिल्या. पार्लरमधल्या बाईला आपण ‘सौंदर्यवाली’ म्हणून बाजूला ठेवलं. दारू कंपनीला विरोध असला म्हणून बाटल्या वेचणाऱ्या बाईच्या हाताला काच लागली तर आपण तोंड फिरवतो का?

दुसरीकडे, बायकांना ‘स्वावलंबी’ करायचं म्हटलं की शिवण आणि ब्यूटी पार्लर हे दोन वर्ग ठरलेले. निधी सरकारचा असो की कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, दोन-तीन महिन्यांत प्रमाणपत्र हातात. त्यात फेशियलचे प्रकार किती, आणि संसर्ग, लस, कामगार कायदा यांना तास किती? आपल्या हाताने बायकांना ज्या धंद्यात पाठवायचं, त्या धंद्यातल्या धोक्याची माहिती आधी द्यायला नको?

कायदा आणि छोटी पार्लर

नखं करण्याचं काम करणाऱ्या व्यक्तीला संसर्गनियंत्रणाची परीक्षा देऊन परवाना घेण्याची देशव्यापी सक्ती आपल्याकडे नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाच्या जागेची स्वच्छता, हवा, उजेड, प्रथमोपचार यांच्या तरतुदी आहेत. पण हा कायदा केला तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना त्यातून सूट मिळाली. त्यांनी फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. नाक्यावरच्या पार्लरमध्ये दोन-चार मुली असतात. म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे कायदा उंबऱ्यावरूनच परत फिरतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. छोटं पार्लर चालवणारी मालकीणही पुष्कळदा एका खोलीत राहणारी, कर्ज काढून खुर्ची घेतलेली बाई असते. कडक नियम आले, इन्स्पेक्टर हप्ते मागू लागला तर मोठ्या साखळीचं फावेल आणि ही बंद पडेल. म्हणूनच नुसता दंड नको. जसं गावात पीठगिरणी सामाईक असते, तसं वॉर्डात बचतगटाच्या किंवा पालिका दवाखान्याच्या आधाराने सामाईक ऑटोक्लेव्ह का असू नये? सकाळी वापरलेले संच द्यायचे, संध्याकाळी निर्जंतुक पाकिटं घेऊन जायची. बचतगटांना पापड-लोणच्यासाठी कर्ज मिळतं, तसं यासाठीही मिळायला हवं.

आपल्या मागण्या

१. पार्लरच्या प्रत्येक प्रशिक्षणात संसर्गनियंत्रण, लस आणि कामगार हक्क हे धडे सक्तीचे असावेत आणि ते सगळ्यांत आधी शिकवले जावेत.

२. राष्ट्रीय कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी ची लस देण्याची सोय आहे. तीच पार्लर कामगार बायकांना मोफत मिळावी.

३. हत्यारांचे पुरेसे संच, हातमोजे, एकदाच वापरायच्या वस्तू यांचा खर्च मालकाने किंवा कंपनीने करावा. तो कामगाराच्या कमाईतून कापू नये. हत्यारं साफ करण्याचा वेळ कामाचा वेळ धरावा.

४. कामामुळे संसर्ग झाला तर पगारी रजा आणि उपचाराचा खर्च मिळावा.

५. गिऱ्हाइकाच्या पायाला जखम, पू किंवा बुरशी दिसली तर काम नाकारण्याचा हक्क असावा. त्यासाठी दंड होऊ नये आणि कंपनीच्या मोबाईल अॅपवर गुण कापले जाऊ नयेत.

६. कामगारांची संख्या कितीही असो, प्रत्येक पार्लरची नोंदणी व्हावी आणि प्रत्येक वॉर्डात सामाईक निर्जंतुकीकरणाची सोय व्हावी.

मैत्रिणींनो, हे सरकारकडे मागायचं आहेच. पण सुरुवात आपल्या गल्लीतून करता येईल. आपल्यापैकी ज्या पार्लरमध्ये जातात त्यांनी ‘पट्टी नवी आहे का?’ हे मॅडमना विचारावं, स्टुलावरच्या मुलीला दरडावून नव्हे. नव्या पट्टीचे, नव्या हातमोज्यांचे चार पैसे जास्त लागले तर द्यावेत. तिची लस झाली का, हे तिला विचारावं आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता सांगावा. क्युटिकल कापू नको, असं आपणच म्हणावं. ज्या संस्था पार्लरचे वर्ग चालवतात त्यांनी येत्या वर्गापासून पहिला दिवस संसर्ग आणि हक्कांसाठी राखून ठेवावा. आणि ज्या जात नाहीत, कधी जाणारही नाहीत, त्यांनी आपल्या वस्तीतल्या पार्लर कामगार बायकांची एक बैठक बोलवावी. सोमवार किंवा मंगळवार ठेवा, त्या दिवशी काम कमी असतं. त्यांना ऐका. पुढचं त्याच सांगतील.